औषधाच्या चाचणीत आपला प्रतिनिधी कोण?



या मालेत आपण सहसा तत्त्वज्ञानाची पुस्तकं घेतो. आज आम्ही एका समाजशास्त्रज्ञाचं पुस्तक घेऊन बसलो आहोत. स्टीव्हन एपस्टाइन यांचं 'इन्क्लूजन', शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनानं २००७ साली काढलेलं. विषय असा, की अमेरिकेत नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये कोणाला घेत होते, कोणाला घेत नव्हते, आणि 'सगळ्या प्रकारच्या माणसांना घ्या' हा आग्रह तिथे कसा उभा राहिला.

कोणी विचारेल, यात तत्त्वज्ञान कुठे आलं? पहिल्याच पायरीवर आलं. 'हजार माणसांना या गोळीनं बरं वाटलं, तुम्हालाही वाटेल' हे वाक्य डॉक्टर रोज बोलतात. हे अनुमान आहे. आपले नैयायिक स्वयंपाकघर आणि पर्वत यांचं उदाहरण देत आले: स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र पाहिले, आता पर्वतावर धूर दिसतोय, म्हणजे तिथेही अग्नी असणार. ठीक. पण औषधाच्या बाबतीत चाचणी घेतली ती स्वयंपाकघरात, आणि औषध द्यायचं ते पर्वताला. दोन्हीकडे व्याप्ती तीच आहे हे कशावरून? एपस्टाइन हा प्रश्न या भाषेत विचारत नाहीत, पण त्यांचं सगळं पुस्तक याच प्रश्नाभोवती फिरतं.

त्यांची मांडणी थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या वैद्यकीय संशोधनात एक 'प्रमाण माणूस' गृहीत धरला गेला. गोरा, मध्यमवयीन, पुरुष. कोणी बैठक घेऊन ठराव केला नव्हता. सोय म्हणून झालं, आणि सोय फार वर्षं चालली की तिला पद्धत म्हणू लागतात. ॲस्पिरिननं हृदयविकाराचा पहिला झटका टळतो का, हे पाहणारा एक गाजलेला अभ्यास आहे. २२,०७१ डॉक्टर त्यात सहभागी झाले, १९८९ साली त्याचा अंतिम अहवाल आला, आणि त्या बावीस हजारांत बाई एकही नव्हती.

पण बायकांना वगळण्यामागे नुसतं दुर्लक्ष होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. थॅलिडोमाइड या औषधानं हजारो बालकं जन्मतः व्यंग घेऊन आली, हे जगानं पाहिलं होतं. त्या धास्तीच्या छायेत १९७७ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं सूचना काढली, की मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना चाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांत घेऊ नये. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा, की स्त्रियांच्या शरीरात औषध काय करतं याची माहिती औषध बाजारात आल्यावर, त्यांनी गोळ्या घेऊन झाल्यावर मिळू लागली. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बघा. १९९२ साली ती अमेरिकेत मंजूर झाली. बायकांसाठी मात्रा निम्मी करा, दहाऐवजी पाच मिलिग्रॅम, असं प्रशासनानं सांगितलं ते २०१३ साली, कारण सकाळी गाडी चालवायच्या वेळेलाही पुष्कळ बायकांच्या रक्तात ते औषध जास्त उरलेलं असे.

तर १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्त्रियांच्या संघटना, अल्पसंख्य समाजांतले डॉक्टर, काँग्रेसमधल्या स्त्री-सदस्य अशा वेगवेगळ्या मंडळींनी मिळून दबाव आणला आणि १९९३ साली कायदा झाला. सरकारी पैशानं होणाऱ्या संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्य हवेतच. मोठ्या चाचण्यांत ते इतक्या संख्येनं हवेत की त्यांच्यावरचा परिणाम वेगळा काढून पाहता येईल. आणि 'खर्च वाढतो' ही सबब चालणार नाही. शेवटचं कलम विशेष आहे. खर्चाची सबब कायद्यानंच काढून घेतली, असं फार वेळा घडत नाही.

हा इतिहास एपस्टाइन फार चांगला सांगतात. चळवळीचे लोक, नोकरशहा, शास्त्रज्ञ, औषधकंपन्या यांचे हेतू वेगळे असूनही 'समावेश' या एका शब्दावर ते कसे एकत्र आले, हे त्यांनी धीरानं उलगडलं आहे. शिवाय एक इशाराही दिला आहे, आणि तो आम्हाला पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. 'सर्वांना घ्या' याबरोबर 'सर्वांमधला फरक मोजा' हे ओघानं आलं. आणि फरक मोजायचा तो शरीरातच, अशी सवय लागली, तर गरिबी, घर, विमा, कामाचे तास यांमुळे जे आजार होतात ते नजरेआड जातात. आजाराचं कारण वस्तीत असतं आणि शोध रक्तात चालू राहतो.

इथपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. पुढे एक प्रकरण येतं भरतीविषयी. तिथून आमचं थोडं भांडण सुरू होतं.

कायदा झाला, आता माणसं आणायची कुठून? मग त्याचंच एक शास्त्र तयार झालं. एपस्टाइन त्याला 'रिक्रूटमेंटॉलॉजी' म्हणतात; आपण भरतीशास्त्र म्हणू. पत्रक कोणत्या भाषेत छापावं, चर्चच्या कोणत्या पाद्र्याला हाताशी धरावं, बसचं भाडं द्यावं का, फोन कोणी करावा, त्याच समाजातल्या माणसानं केला तर जास्त लोक येतात का, या सगळ्याचा अभ्यास. म्हणजे संशोधनासाठी माणसं कशी मिळवावीत यावर संशोधन. एपस्टाइन याकडे किंचित उपरोधानं बघतात, आणि विश्वास हाच या शास्त्राचा कळीचा शब्द झाला आहे, हे दाखवून देतात. कृष्णवर्णीय लोक येत नाहीत, कारण त्यांचा विश्वास नाही. विश्वास नाही, कारण टस्कीगी. हे स्पष्टीकरण आता इतकं रुळलं आहे की ते तपासायला कोणी थांबत नाही.

आपण जरा थांबू. टस्कीगी म्हणजे अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं चालवलेला अभ्यास. सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुष. त्यांतले ३९९ उपदंश झालेले. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही, 'रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही. उपचाराविना आजार कसा वाढत जातो, हे पाहायचं होतं.

आता भरतीच्या दृष्टीनं पाहा. लोक आले कसे, आणि चाळीस वर्षं टिकले कसे? त्यांना ने-आण करायला गाडी होती. तपासणीच्या दिवशी गरम जेवण होतं. शवविच्छेदनाला परवानगी दिली तर दफनाचा खर्च मिळत होता, आणि गरीब माणसाला ती फार मोठी गोष्ट होती. शिवाय युनिस रिव्हर्स नावाची परिचारिका होती, स्वतः कृष्णवर्णीय, घरोघरी ओळखीची, लोकांचा जिच्यावर जीव होता अशी. गाडी, जेवण, थोडे पैसे, आपल्यातलं माणूस. आजच्या भरतीशास्त्राच्या पुस्तिका उघडा, यादी ओळखीची वाटेल. भरतीच्या कसोटीवर टस्कीगी उत्तीर्ण होतं, श्रोतेहो. विश्वास होता, भरपूर होता. ज्यांच्यावर ठेवला ते त्याला पात्र नव्हते.

म्हणून 'विश्वास वाढवा' या उपदेशाविषयी आम्हाला संशय आहे. विश्वास हा गुण चांगला की वाईट, ते समोरचा कोण आहे त्यावर ठरतं. अपात्र संस्थेवर अविश्वास ठेवणारा माणूस आजारी नाही की त्याच्या अविश्वासावर उपचार करावेत.

आणि मुळात लोक नकार देतात हे तरी खरं आहे का? डेव्हिड वेंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली वीस अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. सत्तर हजारांहून जास्त लोकांना विचारणा झालेली होती. विचारल्यावर 'हो' म्हणण्याच्या प्रमाणात गोरे आणि अल्पसंख्य यांच्यात फरक निघाला तो अगदी थोडा. मग चाचण्यांत ते कमी का? बऱ्याच अंशी, त्यांना विचारलंच जात नाही म्हणून. चाचणी मोठ्या विद्यापीठाच्या रुग्णालयात, ते तिथे जात नाहीत. तपासणी दुपारी अकराला, रोजावरचा माणूस जाणार कधी? अर्जाचे बारा पानी कागद इंग्रजीत. आणि त्याहून मोठी चाळण म्हणजे निवडीचे निकष: मूत्रपिंड बरं हवं, दुसरा आजार नको, दुसरं औषध चालू नको. गरीब वस्तीत अशी 'स्वच्छ' आजारी माणसं कमीच मिळतात. दार आतून बंद, आणि बाहेर परिषदा भरतात, लोक आत का येत नाहीत यावर! 'भरती' या शब्दातच ही मखलाशी आहे. तो शब्द दोष बाहेर उभ्या असलेल्यांवर ढकलतो. एपस्टाइन यांना हे दिसत नाही असं नाही. पण ते वर्णन करून पुढे जातात, निकाल देत नाहीत. समाजशास्त्रज्ञाचा संयम म्हणा. आम्हाला तो इथे जरा जास्त वाटला.

बरं, माणसं आली समजा. आता त्यांचं करायचं काय? गट पाडून पाहायचे. इथे एक गंमत सांगतो. मराठी श्रोत्यांना आवडेल. १९८८ साली आयसिस-२ नावाची मोठी चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली. हृदयविकाराचा झटका आल्याबरोबर ॲस्पिरिन दिलं तर काय होतं? १७,१८७ रुग्ण. एकंदरीत मृत्यू २३ टक्क्यांनी घटले, निकाल खणखणीत. नियतकालिकाकडून आग्रह झाला, की गटवार आकडे द्या. संशोधकांनी इतर गटांबरोबर राशीवारही दिले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिननं थोडा अपायच दिसला. बाकी दहा राशींना भरघोस फायदा. त्यांनी हे मुद्दाम केलं होतं. गट पुरेसे बारीक पाडा, कुठे ना कुठे फरक निघतोच, आणि तो नुसता योगायोगाचा असतो.

राशीवर आपण हसतो. वंशावर हसत नाही, आणि हसू नयेही, कारण वंशाच्या नावानं माणसं खरोखर वेगळं आयुष्य जगली आहेत. पण हिशोबाचा नियम दोघांनाही तोच. प्रत्येक गटातून पंचवीस-पन्नास माणसं घेतली तर अहवालातला तक्ता सजतो, ज्ञान मिळत नाही.

बायडिलची गोष्ट याच्या उलट बाजूची. दोन जुनी, स्वस्त औषधं एका गोळीत घातलेली. हृदय कमजोर झालेल्या १,०५० रुग्णांवर चाचणी झाली, सगळे स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणारे. मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी झाले. इतका फायदा दिसला की २००४ साली चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. २००५ साली औषध मंजूर झालं, केवळ कृष्णवर्णीयांसाठी. आता तर्क बघा. गोऱ्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. मग हे औषध 'त्यांच्यासाठी विशेष' आहे हे कळलं कशावरून? नैयायिक म्हणतील, विपक्ष कुठे आहे? पेटंटची कागदपत्रं मात्र बोलकी आहेत: जुनं पेटंट २००७ साली संपत होतं, वंशाचा उल्लेख असलेलं नवं २०२० पर्यंत चालणार होतं. त्या रुग्णांना फायदा झाला हे खरंच आहे, त्याचं आम्हाला समाधान आहे. समावेशाच्या नावानं काय काय विकता येतं, तेही त्यातून दिसलं.

आणि गट तरी कोणते? अमेरिकन सरकारी नोंदीत 'एशियन' असा एक चौकोन आहे. न्यू जर्सीत राहणारा आपला साताऱ्याचा माणूस, जपानी, फिलिपिनो, व्हिएतनामी, सगळे त्यात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. एका पानाचा मजकूर, पण मोठ्या ग्रंथाइतका बोलतो. फरक खरा असू शकतो. प्रश्न असा, की तुमचा चौकोन तो फरक पकडतो की झाकतो? 'एशियन' लोकांची टक्केवारी भरली म्हणून या आपल्या बारीक दिसणाऱ्या, आतून चरबी साठवणाऱ्या माणसाविषयी काही कळलं, असं होत नाही.

आता शब्दाकडे येतो, कारण आमचा धंदा शब्दांचा. चाचणीत आलेली माणसं आपल्या समाजाची 'प्रतिनिधी' आहेत असं म्हणतात. हॅना पिटकिन यांचं १९६७ सालचं पुस्तक आहे, 'द कन्सेप्ट ऑफ रिप्रेझेंटेशन'. त्यात त्या या एका शब्दाचे अर्थ सुटे करतात. नकाशा प्रदेशाचं प्रतिनिधित्व करतो, कारण तो प्रदेशासारखा असतो. वकील अशिलाचं प्रतिनिधित्व करतो. तो अशिलासारखा नसेना का, त्याच्या वतीनं बोलतो. चाचणीतला सहभागी पहिल्या अर्थानं प्रतिनिधी आहे, दुसऱ्या अर्थानं मुळीच नाही. कोणतं औषध तपासायचं, काय घडलं म्हणजे 'गुण आला' म्हणायचं, पुढे किंमत किती, यांत त्याचा शब्द चालत नाही. त्याचं रक्त आपल्या वतीनं हजर असतं, तोंड नसतं.

गंमत म्हणजे हा भेद एपस्टाइन यांना कोणी शिकवायला नको. त्यांचं आधीचं पुस्तक 'इम्प्युअर सायन्स', १९९६ सालचं, एड्सच्या चळवळीवर आहे. तिथे रुग्णांनीच विषाणूशास्त्र शिकून घेतलं, संशोधन समित्यांत जागा मिळवल्या, निवडीचे निकष सैल करा म्हणून शास्त्रज्ञांशी वाद घातला आणि पुष्कळदा जिंकला. ते दुसऱ्या अर्थाचं प्रतिनिधित्व. 'इन्क्लूजन'मध्ये हा धागा त्यांनी सैल सोडला आहे, आणि पुस्तकातली आमच्या मते हीच मोठी उणीव.

दुसरी उणीव आमच्या वयाला टोचणारी. समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी सत्तरीच्या पुढचे असतील. एपस्टाइन वृद्धांचा उल्लेख करतात, पण भर राहतो वंश आणि लिंग यांवर. आता स्पायरोनोलॅक्टोन घ्या. काहींच्या गोळ्यांच्या डबीत असेल. १९९९ साली रेल्स नावाच्या चाचणीत, १,६६३ रुग्णांवर, त्यानं मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. सरासरी वय ६५. मूत्रपिंडं फार बिघडलेल्यांना घेतलं नव्हतं, आणि रक्तातलं पोटॅशियम वरचेवर तपासत होते, कारण ते वाढलं तर जिवावर बेततं. निकाल आला आणि डॉक्टरांनी औषध सढळ हातानं लिहायला सुरुवात केली. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सहासष्ट वर्षांवरच्या, हृदय कमजोर झाल्यानं रुग्णालयात जाऊन आलेल्या माणसांची नोंद पाहिली गेली. पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण १९९४ साली हजारी २.४ होतं, २००१ साली ११ झालं. त्यानं होणारे मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर गेले. औषध चांगलंच आहे, घरी जाऊन बंद करू नका. पण चाचणीतला म्हातारा आणि खराखुरा म्हातारा एक नव्हेत. खऱ्याला मधुमेह असतो, त्याची मूत्रपिंडं थकलेली असतात, आणि रक्त तपासायला त्याला कोणी वेळेवर नेत नाही. ही विविधता कोणत्याही चौकोनात बसत नाही, म्हणून तिच्यासाठी मोर्चाही निघत नाही.

आपल्याकडे तर प्रश्न उलटा उभा राहिला. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना एका प्रकल्पात दिली गेली. पुष्कळ मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. कित्येकींच्या संमतिपत्रावर आईबापाऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकाची सही होती. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० साली प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही. पण संमतीच्या प्रकारावर संसदेच्या स्थायी समितीनं २०१३ साली कडक ताशेरे ओढले. भरतीची अडचण तिथे काहीच नव्हती. नाही म्हणू शकणारं माणूसच वाटेत नव्हतं.

अमेरिकेत पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. २०२० साली कोविडच्या लशीची चाचणी चालू असताना मॉडर्ना कंपनीनं तीस हजारांची भरती मुद्दाम मंदावली, कारण कृष्णवर्णीय कमी पडत होते. अखेर गोऱ्या नसलेल्यांचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर गेलं. महामारीत एकेक दिवस मोलाचा असताना हे केलं, त्याला आम्ही दाद देतो. मोजायचं ठरवलं की जमतं, हे त्यानं सिद्ध झालं. २०२२ च्या डिसेंबरात कायदा झाला, की मोठ्या चाचण्यांसाठी कंपन्यांनी विविधतेचा आराखडा द्यावा. २०२४ च्या जूनमध्ये त्याचा मसुदा प्रशासनानं काढला. २०२५ च्या जानेवारीत सरकार बदललं आणि तो संकेतस्थळावरून उतरवला गेला. न्यायालयानं सांगितल्यावर पुन्हा चढला. एड्सच्या रुग्णांनी समितीत मिळवलेली खुर्ची अशी एका दुपारी उतरवता आली नसती.

पुस्तक जाड आहे, पण वाचाच. वेळ कमी असेल तर भरतीशास्त्राचं प्रकरण आधी वाचा, आणि जमलं तर 'इम्प्युअर सायन्स' शेजारी ठेवून. आता प्रश्न घेऊ. ज्यांना गोळ्यांविषयी विचारायचं आहे त्यांनी कृपा करून डॉक्टरांना विचारावं; आम्ही डॉक्टर आहोत ते फक्त तत्त्वज्ञानाचे.